विधिशास्त्राच्या पेपरातून ‘गुणदोष’ हद्दपार करा : पदव्युत्तर विधी अभ्यास मंडळांना खुले पत्र

प्रति,
पदव्युत्तर विधी अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यास मंडळांचे सर्व सन्माननीय सदस्य

स. न. वि. वि.

अभ्यासक्रमाच्या फेररचनेची बैठक असली की बौद्धिक संपदा, सायबर कायदा, लवाद यांच्यावर तासन्‌तास खल होतो आणि विधिशास्त्राची, म्हणजे कायद्याच्या तत्त्वज्ञानाची, पाळी आली की ‘तो पेपर आहे तसा राहू द्या’ म्हणून पुढचा विषय घेतला जातो. यात कुणाचा वाईट हेतू नसतो. ऑस्टिन, केल्सन हे जुने विचारवंत काही बदलत नाहीत, मग अभ्यासक्रम कशाला बदलायचा, असा साधा हिशेब असतो. माझं हे पत्र त्या हिशेबाविरुद्ध आहे. एलएल.एम.च्या वर्गाला हा विषय शिकवणाऱ्या माणसाचं म्हणणं म्हणून ते वाचावं.

मागणी आधीच सांगून टाकतो. या पेपरातली नावं कमी करा, उरतील त्यांचं मूळ लेखन सावकाश वाचायला लावा, ज्या खटल्यांवरून ते लेखन भांडतं ते खटलेही सोबत नेमा, आणि परीक्षा त्याच वाचनाची घ्या.

सध्या काय चालतं ते आपल्याला ठाऊकच आहे. विश्लेषणवादी, नैसर्गिक कायदावादी, ऐतिहासिक, समाजशास्त्रीय, वास्तववादी असे पाच-सहा संप्रदाय. प्रत्येकात दोन-तीन विचारवंत. आणि मुलाखतीला आलेल्या उमेदवारांसारखं एकेकाला उभं करून ‘यांच्या सिद्धान्ताचे गुणदोष सांगा’. ऑस्टिनच्या उत्तरात सार्वभौमाची आज्ञा आणि मागे शिक्षेचा धाक. गुण : सुटसुटीत. दोष : रूढी बसत नाही, आंतरराष्ट्रीय कायदा बसत नाही, राज्यघटना बसत नाही. हेच उत्तर त्या विद्यार्थ्यानं एलएल.बी.ला दहा गुणांसाठी लिहिलेलं असतं. इथे वीस गुणांसाठी लिहितो. पदवी आणि पदव्युत्तर यांत फरक राहिला तो फक्त पुरवण्यांचा.

यानं काय हातचं जातं, ते एका उदाहरणावर जरा थांबून दाखवतो.

हार्ट-फुलर वाद प्रत्येक विधिशास्त्राच्या पेपरात असतो. १९५८ साली हार्वर्ड लॉ रिव्ह्यूमध्ये इंग्रज विधितत्त्वज्ञ एच. एल. ए. हार्ट यांनी कायदा आणि नीती वेगळी का ठेवावीत यावर लेख लिहिला आणि त्याच अंकात अमेरिकन विधितत्त्वज्ञ लॉन फुलर यांनी त्याला उत्तर दिलं. वादाच्या मध्यभागी एक खटला आहे. १९४४ साली एका जर्मन स्त्रीनं रजेवर घरी आलेल्या आपल्या सैनिक नवऱ्याविरुद्ध तक्रार केली, की हा हिटलरबद्दल वाईट बोलला. तसं बोलणं तेव्हाच्या कायद्यानं गुन्हा होता आणि तिला नवरा नकोसा झाला होता. त्याला देहान्ताची शिक्षा झाली. ती अमलात न आणता त्याला आघाडीवर धाडण्यात आलं. युद्धानंतर, १९४९ साली, तिच्यावर खटला उभा राहिला : नवऱ्याचं स्वातंत्र्य बेकायदेशीरपणे हिरावून घेतल्याचा. तिचा बचाव सरळ होता. मी केलं ते त्या वेळच्या कायद्याला धरूनच केलं.

पुढचं वाक्य सगळ्या गाइडांत जवळपास एकच असतं : न्यायालयानं सांगितलं की तो नाझी कायदा इतका अनैतिक होता की तो कायदाच नव्हता. हार्ट यांनीही लेखात न्यायालयाची भूमिका तशीच मांडली होती आणि तिच्यावरच हरकत घेतली होती. तिला शिक्षा करायचीच असेल तर उघडपणे पूर्वलक्षी कायदा करा, दोन वाइटांतून एक निवडतो आहोत हे कबूल करा, पण जो कायदा होता तो नव्हताच असं म्हणू नका. फुलर यांनी दुसरीकडून धरलं. त्यांनी नाझी कायद्याचा मजकूरच उलगडून पाहिला. एका कलमात बोलणं ‘जाहीर’ असण्याची अट होती. हा माणूस बोलला होता घरात, बायकोपाशी. म्हणजे त्या राजवटीची न्यायालयं आपल्याच कायद्याचे शब्द पाळत नव्हती. मग त्या व्यवहाराला कायदा म्हणून मान द्यायचा तो कशाच्या जोरावर? हा मुद्दा उत्तरपत्रिकेत मला क्वचितच दिसतो. ‘फुलर यांच्या मते कायदा आणि नीती अविभाज्य आहेत’ हे मात्र सगळ्यांत असतं.

आणि आता खरी गंमत. हा निकाल देणाऱ्या बाम्बर्गच्या अपील न्यायालयानं तसं म्हटलंच नव्हतं. हार्ट यांची माहिती हार्वर्ड लॉ रिव्ह्यूच्या १९५१ सालच्या एका छोट्या वृत्तान्तावरून आली होती आणि तो वृत्तान्त चुकीचा होता. १९६० साली मॉडर्न लॉ रिव्ह्यूमध्ये एच. ओ. पापे यांनी हे दाखवून दिलं. नैसर्गिक कायद्याशी विसंगत असलेला कायदा बेकायदा ठरू शकेल, ही तात्त्विक शक्यता न्यायालयानं मान्य केली होती. पण हा विशिष्ट कायदा त्यात बसत नाही असं म्हटलं होतं. तिला दोषी धरलं ते निराळ्या आधारावर. तक्रार करण्याचं कायदेशीर बंधन तिच्यावर नव्हतं, तिनं ती निव्वळ वैयक्तिक कारणासाठी केली, आणि आपलं कृत्य सभ्य माणसांच्या न्यायबुद्धीला धरून नाही हे तिला कळायला हवं होतं. हार्ट यांनी १९६१ साली आलेल्या आपल्या ‘द कन्सेप्ट ऑफ लॉ’ या ग्रंथाच्या शेवटच्या टिपांमध्ये पापे यांचा हवाला देऊन दुरुस्ती केली आणि आपली चर्चा काल्पनिक खटल्याबद्दलची समजावी असं सुचवलं.

म्हणजे विसाव्या शतकातल्या विधिशास्त्राचा सगळ्यात गाजलेला वाद ज्या खटल्यावर उभा आहे, तो सांगितला गेला तसा घडलाच नव्हता. आणि हे कुठल्या गुप्त दप्तरात नाही, नेमलेल्या पुस्तकाच्या मागच्या पानांत छापलेलं आहे. टिपा वाचणाऱ्या विद्यार्थ्याला ते सापडतं. सापडलं की प्रश्नांची रांगच लागते. खटला काल्पनिक ठरला म्हणून युक्तिवाद पडतो का? माझ्या मते पडत नाही. पण खऱ्या न्यायालयानं काढलेली वाट हार्ट आणि फुलर दोघांपेक्षा अवघड प्रश्न विचारते : जे करायला कायदा सांगत नाही, फक्त मोकळीक देतो, ते दुष्टाव्यानं केलं तर कायद्याची ढाल मिळावी का? याच्या शेजारी गुस्ताव राडब्रुख यांचा १९४६ सालचा लेख ठेवा. ते वायमार प्रजासत्ताकात न्यायमंत्री राहिलेले आणि १९३३ साली हायडेलबर्गच्या प्राध्यापकपदावरून काढले गेलेले गृहस्थ. कायदा आणि न्याय यांतली विसंगती असह्य झाली तर कायद्यानं मागे सरावं, हे त्यांचं सूत्र बर्लिनच्या भिंतीवर गोळ्या झाडणाऱ्या पूर्व जर्मन सैनिकांच्या खटल्यांत, १९९० नंतर, जर्मन न्यायालयांनी पुन्हा हाती घेतलं. एवढ्या सामग्रीवर एक वर्ग तीन आठवडे सहज गुंतून राहतो. आपण त्याला एक तास देतो आणि ‘वाद’ म्हणून टीप लिहायला सांगतो.

केल्सन यांचं त्याहून वाईट केलं आहे. ‘ग्रुंडनॉर्म म्हणजे राज्यघटना’ हे वाक्य मी इतक्या वेळा तपासलं आहे की कधी कधी वाटतं त्याला गुण देऊन मोकळं व्हावं. केल्सन तसं म्हणत नाहीत. घटनेचं का ऐकायचं, तर आधीच्या घटनेनं अधिकार दिला म्हणून. तिचं का, तर तिच्याही आधीच्या. असं मागे जात ऐतिहासिकदृष्ट्या पहिल्या घटनेपाशी आलो की तिला अधिकार देणारं काही लिहिलेलं सापडत नाही. तिचं पालन व्हावं, असं आपण विचारात गृहीत धरतो. ते गृहीत म्हणजे मूलभूत प्रमाणक, अर्थात ग्रुंडनॉर्म. १९२० च्या ऑस्ट्रियन घटनेच्या मसुद्यात मोठा वाटा असलेला आणि पुढे तिथल्या घटनात्मक न्यायालयात बसलेला माणूस घटना आणि तिच्यामागचं गृहीत यांत गल्लत करील हे संभवतच नाही.

ही बारकाव्यांची हौस नाही. या गल्लतीनं सत्ता पालटल्या आहेत, निदान पालटलेल्या सत्तांना शिक्का तरी मिळाला आहे. ७ ऑक्टोबर १९५८ रोजी पाकिस्तानात राष्ट्राध्यक्ष इस्कंदर मिर्झा यांनी घटना रद्द करून लष्करी कायदा पुकारला. दोस्सो खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं केल्सन यांचा आधार घेऊन सांगितलं की यशस्वी झालेली क्रांती स्वतःच नवी कायदेव्यवस्था जन्माला घालते. निकालाची तारीख २७ ऑक्टोबर. त्याच रात्री लष्करप्रमुख अयुब खान यांनी मिर्झांनाच घरी बसवलं. युगांडाच्या न्यायालयानं १९६६ साली मातोवू खटल्यात तीच वाट धरली. १९७२ साली आस्मा जिलानी खटल्यात पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयानं दोस्सो निकाल फिरवला आणि अयुब यांच्यानंतरचे लष्करशहा याह्या खान यांना सत्ता बळकावणारे ठरवलं. पण तोवर याह्या खान सत्तेवरून गेलेले होते.

इथे पदव्युत्तर प्रश्न असा होईल : १९५८ च्या न्यायालयानं केल्सन बरोबर वाचले होते का? कायदेव्यवस्था एकूणात परिणामकारक असणं ही वैधतेची अट आहे, वैधतेचं कारण नव्हे, असं केल्सन बजावतात. आणि त्यांचा सिद्धान्त कायद्याकडे बाहेरून पाहणाऱ्या शास्त्राचा आहे. बाकावर बसलेल्या न्यायाधीशानं काय करावं हे तो सांगत नाही. तरीही न्यायाधीशाच्या हातात तो आला की असाच वापरला जाणार होता का? हा दुसरा प्रश्न मला पहिल्यापेक्षा जास्त छळतो आणि त्याचं उत्तर माझ्याकडे तयार नाही. तयार नसलेली उत्तरं वर्गात नेता येतात, हाच पदव्युत्तर वर्गाचा फायदा.

भारतातलं उदाहरण हवं असेल तर आणीबाणीतला, १९७६ चा एडीएम जबलपूर निकाल समोर आहेच. जगण्याच्या हक्काचा एकमेव उगम अनुच्छेद २१ आहे, तो स्थगित म्हणजे दाद बंद, असं बहुमत म्हणालं. कायद्याच्या आधाराशिवाय कुणाचं जीवित वा स्वातंत्र्य घेण्याचा अधिकार राज्याला अनुच्छेद २१ नसतानाही नाही, असं न्या. एच. आर. खन्ना यांनी एकट्यानं लिहिलं. २०१७ साली खासगीपणाच्या हक्काच्या पुट्टास्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठानं जबलपूरचा निकाल मोडीत काढला. हा खटला घटनात्मक कायद्याच्या पेपरात शिकवला जातो आणि विधिशास्त्राच्या पेपरात नसतो. का नसतो, ते मला कधीच कळलेलं नाही.

आता परीक्षेबद्दल. ‘गुणदोष’ हा शब्द प्रश्नपत्रिकेतून काढून टाकला तर निम्मं काम होईल. बदली म्हणून काय विचारावं? रिग्ज विरुद्ध पामर घ्या. १८८९, न्यूयॉर्क. आजोबा मृत्युपत्र बदलतील या धास्तीनं नातवानं त्यांना विष घातलं आणि मग वारसा मागितला. मृत्युपत्राच्या कायद्यात खुनी वारसाबद्दल अवाक्षर नव्हतं. स्वतःच्या दुष्कृत्याचा फायदा कुणाला घेता येत नाही, या तत्त्वावर बहुमतानं त्याला वारसा नाकारला. १९६७ साली अमेरिकन विधितत्त्वज्ञ रोनाल्ड ड्वॉर्किन यांनी हाच निकाल हार्ट यांच्याविरुद्ध वापरला : पाहा, न्यायालयं फक्त नियम लावत नाहीत, तत्त्वंही लावतात. इथपर्यंत सगळे लिहितात. न्या. ग्रे यांचं भिन्नमत कोण वाचतं? त्यांचं म्हणणं असं की मृत्युपत्र कसं रद्द होतं हे विधिमंडळानं ठरवून दिलंय, खुनाची शिक्षा फौजदारी कायदा देतोच आहे, मालमत्ता काढून घेऊन आम्ही त्यात आणखी शिक्षा कुठल्या अधिकारानं मिळवायची? विद्यार्थ्याला ग्रे यांच्या मताची दोन पानं छापून द्या आणि सांगा, ड्वॉर्किन यांच्या बाजूनं याला उत्तर दे, आणि तुझ्या उत्तरात कच्चा दुवा कुठला तेही लिही. पुस्तकं समोर उघडी ठेवायला द्या हवी तर. गाइडचा तिथे काही उपयोग होणार नाही.

प्रबंधाचा फॉर्म हे वेगळंच दुखणं आहे. आमच्याकडे एका विद्यार्थिनीनं विषय घेतला होता : न्याय्य राज्यव्यवस्थेतही कायदा पाळण्याचं सर्वसाधारण नैतिक कर्तव्य असतं का? विधितत्त्वज्ञ जोसेफ रॅझ नाही म्हणतात आणि का नाही ते फार चिवटपणे सांगतात. तिला त्यांच्याशी भांडायचं होतं. सिनॉप्सिसच्या, म्हणजे प्रबंधाच्या आराखड्याच्या, फॉर्ममध्ये रकाने होते : गृहीतक, नमुना निवड, माहिती संकलनाचं साधन. रिकामे सोडले तर सिनॉप्सिस परत. शेवटी तिनं वकिलांसाठी प्रश्नावली तयार केली, ‘कायदा पाळावा असे आपणास वाटते का?’, आणि प्रबंधात रंगीत वर्तुळालेख आले. व्हायवाला त्या वर्तुळांवरच प्रश्न झाले. लोक काय मानतात ते कळलं. त्यांनी तसं मानावं का, या तिच्या मूळ प्रश्नाला कुणी हात लावला नाही. प्रश्नावली हे चांगलं साधन आहे, जिथे लागतं तिथे. तात्त्विक प्रबंधासाठी निराळा फॉर्म करा. प्रश्न कोणता, त्यावर सगळ्यात भक्कम प्रतिपक्ष कोणाचा, आणि तो कुठे अडवणार, एवढे तीन रकाने पुरे आहेत.

वर्ग कसा चालवावा याचा नमुना शोधायला फार लांब जावं लागत नाही. न्यूयॉर्क विद्यापीठात ड्वॉर्किन आणि थॉमस नेगेल यांनी १९८७ साली सुरू केलेल्या चर्चासत्राची रीत अशी, की निबंध आधीच सगळ्यांच्या हातात जातो आणि लेखक तो वाचून दाखवत नाही. वेळ सगळा उलटतपासणीला. आपल्या सेमिनारमध्ये विद्यार्थी स्लाइड वाचतो, बाकीचे टाळ्या वाजवतात, हजेरी लागते. यात बदल करायला एक पैसाही लागत नाही.

नावं कमी करा म्हटलं की पहिली कुऱ्हाड शेवटच्या प्रकरणावर पडते, म्हणजे स्त्रीवादी आणि कायद्यामागची सत्ता उघडी पाडणाऱ्या क्रिटिकल विचारावर, हेही जाणून आहे. तसं करू नका. कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ हा लिंगभेदच आहे, हा युक्तिवाद कॅथरिन मॅकिनन यांनी १९७९ साली ग्रंथरूपानं मांडला आणि १९८६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं मेरिटर खटल्यात तो भेदभाव म्हणून मान्य केला. विचार आधी आणि निकाल मागाहून, असं इतकं स्वच्छ उदाहरण, कायदा लोकांच्या सामूहिक जाणिवेतून उगवतो म्हणणाऱ्या सॅव्हिन्यीच्या ‘लोकचेतने’त सापडायचं नाही. कात्री लावायचीच तर ऐतिहासिक संप्रदायाच्या नामावळीला लावा. मेन आणि सॅव्हिन्यी पदवीला होऊन गेलेले असतात.

आणखी एक, प्रवेशाच्या अटीबद्दल. हार्ट यांनी ऑक्सफर्डला अभिजात भाषा, इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकून पदवी घेतली. बॅरिस्टर म्हणून वकिली केली, तत्त्वज्ञान शिकवलं, आणि १९५२ साली तिथलेच विधिशास्त्राचे प्राध्यापक झाले. कायद्याची पदवी त्यांच्याकडे नव्हती. आपल्या नियमांनी त्यांना हा पेपर शिकवणं सोडाच, बसायलाही मिळालं नसतं. तत्त्वज्ञानाच्या एम.ए.ला निदान हा एक विषय वैकल्पिक म्हणून घेता यावा आणि प्रबंधाला एक परीक्षक तत्त्वज्ञान विभागातला असावा, एवढं तरी करता येईल. वकिलांना वर्गात कुणीतरी ‘पण हे सिद्ध कसं झालं?’ असं विचारणारं हवं असतं.

‘मुलांना मूळ लेखन झेपत नाही’ ही हरकत येणार. झेपत नाही ते आपण सुरुवात कुठून करतो त्यामुळे. फुलर यांनी १९४९ साली रचलेला गुहेचा काल्पनिक खटला पहिल्या आठवड्यात द्या : गुहेत अडकलेले पाच जण, त्यांतल्या एकाला खाऊन वाचलेले चौघे, आणि पाच न्यायाधीशांची पाच मतं. अमेरिकन न्यायाधीश होम्स यांचं १८९७ चं व्याख्यान दुसऱ्या आठवड्यात. ते विद्यार्थ्यांसमोरच दिलेलं होतं. हार्ट यांचं गद्य तर बहुतेक गाइडांपेक्षा सोपं आहे. केल्सन अवघड आहेत, मान्य. म्हणून ते पाचव्या-सहाव्या आठवड्यात.

‘याचा प्रॅक्टिसला काय उपयोग’ या हरकतीला मी उत्तर देत नाही. तो प्रश्न ज्यांना पडतो त्यांच्यासाठी बाकीचे सगळे पेपर आहेत.

तरी विनंती अशी, की मंडळाच्या येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर तीन गोष्टी स्वतंत्रपणे घ्याव्यात : नेमलेल्या मूळ वाचनाची यादी, उघड्या पुस्तकांची प्रश्नपत्रिका, आणि तात्त्विक प्रबंधासाठी निराळा सिनॉप्सिस फॉर्म. तिसरी तर परिपत्रकानंही होईल, त्यासाठी फेररचनेची वाट पाहायची गरज नाही. वाचनयादीचा मसुदा आणि दोन नमुना प्रश्नपत्रिका माझ्याकडे तयार आहेत. बैठकीला बोलावलंत तर घेऊन येईन, न बोलावलंत तर टपालानं पाठवतो.

कळावे,

आपला,
एलएल.एम.ला विधिशास्त्र शिकवणारा एक प्राध्यापक